उद्या निघायचं तर तिकीट दुपटीच्या वर: असं का होतं आणि काय करता येतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. पुण्यात नोकरीला असलेल्या भावाचा अपघात झाल्याचा फोन सकाळी आला. दुसऱ्या दिवशी धामणगाववरून त्या, आई आणि काका असे तिघं निघाले. स्लीपरचं तत्काळ हाती लागलं नाही. ओळखीच्या एकाने थर्ड एसीचं प्रीमियम तत्काळ काढून दिलं आणि वर स्वतःचे पैसे घेतले. तिघांचा खर्च साध्या स्लीपरच्या कितीतरी पट झाला. त्या विचारतात, "रेल्वे गरिबाची म्हणतात, मग ऐनवेळी एवढी महाग काहून? आणि पुढच्या वेळी काय करावं?"

ताई, आधी भाऊ बरा होवो. माझी नोकरी नागपूर-भुसावळ मार्गावरच्या स्टेशनांवर आरक्षणाच्या खिडकीमागे गेली. आता निवृत्त आहे, पण गावातले लोक अजून तिकिटासाठी घरी येतात. तुमचा प्रश्न माझ्यासमोर शेकडो तोंडांनी आलेला आहे. आपल्याकडे ऐनवेळी निघणारा माणूस सहसा हौसेने निघत नाही. मयत असते, दवाखाना असतो, मुलाचा इंटरव्ह्यू असतो. रेल्वेचं भाड्याचं गणित मात्र असं गृहीत धरून चालतं, की ज्याला स्वस्त हवं तो दोन महिने आधी येईल. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. पगारदार माणसाला हे जमतं. पेरणीचा पाऊस कधी पडेल हेच ज्याला माहीत नाही, त्याने दोन महिन्यांनंतरची तारीख कशी सांगायची?

आठवडी बाजारात संध्याकाळी उरलेली भाजी स्वस्त होते. रेल्वेत उलटं आहे, कारण शेवटच्या दिवसासाठीचे बर्थ उरलेले नसतात. ते मुद्दाम मागे ठेवलेले असतात आणि वरचा आकार लावून विकले जातात. हीच तत्काळ योजना, १९९७ पासूनची. तेव्हा ऐनवेळचं तिकीट महाग पडणं ही कुणाची चूक नाही, ती ठरवून केलेली रचना आहे. मात्र तुमचे जे पैसे गेले ते सगळे या रचनेत गेलेले नाहीत. कुठे गेले ते बघू, म्हणजे पुढच्या वेळी कुठे हात आवरायचा ते कळेल.

साध्या तत्काळचा आकार ठरलेला आहे. सेकंड सिटिंगला, म्हणजे बसून जायच्या साध्या आरक्षित डब्याला, मूळ भाड्याच्या १० टक्के, बाकी वर्गांना ३० टक्के, आणि दोन्हीला खालची-वरची मर्यादा. स्लीपरला कमीत कमी १०० आणि जास्तीत जास्त २०० रुपये, थर्ड एसीला ३०० ते ४००, सेकंड एसीला ४०० ते ५००. सेकंड सिटिंगला फक्त १० ते १५ रुपये. म्हणजे तुम्हा तिघांना स्लीपरचं तत्काळ मिळालं असतं, तर साध्या भाड्यावर फार तर ६०० रुपये जास्त गेले असते. ते काही कमी नाहीत, पण दुप्पट-तिप्पटही नाहीत. तुमचा खर्च वाढला तो तीन पायऱ्यांनी: स्लीपर नाही म्हणून थर्ड एसी, साधं तत्काळ नाही म्हणून प्रीमियम, आणि काढून देणाऱ्याचे पैसे.

पहिली पायरी तुमच्या हातात फारशी नव्हती. गेल्या काही वर्षांत बऱ्याच गाड्यांतले स्लीपरचे डबे कमी होऊन थर्ड एसीचे वाढले. डबा कमी झाला की त्यातला तत्काळचा कोटाही कमी होतो, आणि सकाळी अकराला स्लीपरचं तत्काळ उघडलं, की त्याच थोड्या बर्थवर उड्या पडतात.

दुसरी पायरी, प्रीमियम तत्काळ. याबद्दल माझं मत मी नोकरीत असतानाही लपवलेलं नाही. ही योजना २०१४ ची. यात बर्थ विकले जातात तसा भाव चढत जातो आणि निश्चित तिकिटाचा एक पैसाही परत मिळत नाही. कोणतीही सवलत नाही. हे बर्थ वेगळे आणलेले नसतात, तत्काळच्याच कोट्यातला एक हिस्सा काढून तिथे ठेवलेला असतो. म्हणजे साधं तत्काळ लवकर संपण्यामागे प्रीमियमचाही हात आहे. उद्याची मयत गाठायची आहे आणि दुसरी कुठलीही सोय नाही, एवढ्या एकाच वेळी मी लोकांना ते घ्यायला सांगतो. राजधानी-दुरांतोसारख्या गाड्यांत तर २०१६ पासून फ्लेक्सी भाडं आहे: दर १० टक्के बर्थ भरले की मूळ भाडं १० टक्क्यांनी वर, एका मर्यादेपर्यंत. म्हणून नागपूर-मुंबई दुरांतोचं तिकीट ऐनवेळी बघून घाबरू नका, त्या गाडीला हात न लावणं हाच उपाय. वंदे भारतचं भाडं मुळातच जास्त आहे, पण ते असं चढत नाही. ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत धावते आणि वर्धा, बडनेऱ्याला थांबते. बसून जायची तयारी असेल, तर प्रीमियम तत्काळवर बोट ठेवण्याआधी तिथे जागा आहे का हे एकदा बघून घ्यावं.

तिसरी पायरी, काढून देणारा. रेल्वेचा अधिकृत एजंट एका तिकिटामागे साध्या वर्गाला २० आणि एसीला ४० रुपये सेवाशुल्क घेऊ शकतो, वर पेमेंटचा आकार. एका तिकिटावर तिघांची नावं असली तरी शुल्क एकाच तिकिटाचं. त्यापेक्षा जास्त मागणं नियमाबाहेरचं आहे, आणि एजंट नसलेला कुणी स्वतःच्या घरगुती आयडीवरून काढून विकत असेल, तर तो रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. असं तिकीट पकडलं गेलं तर ते रद्द होतं आणि गाडीत अडकता तुम्ही, तो नाही. शिवाय जुलै २०२५ पासून तत्काळ उघडल्यावर पहिला अर्धा तास अधिकृत एजंटलाही तिकीट काढता येत नाही. ऑनलाइन तत्काळ आधारशी जोडलेल्या खात्यावरूनच निघतं आणि ओटीपी लागतो. तेव्हा "दहा वाजून एक मिनिटाला काढून देतो" म्हणणारा एजंट एक तर खोटं बोलतो किंवा भलत्या मार्गाने काढतो.

म्हणून घरातल्या एकाचं तरी आयआरसीटीसीचं, म्हणजे रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटाचं, खातं आजच आधारशी जोडून ठेवा. संकट आल्यावर हे करायला बसलात तर ओटीपी आजोबांच्या जुन्या नंबरवर जातो आणि ते सिम कधीच बंद झालेलं असतं. मी हे रोज बघतो. खिडकीवर जाणार असाल तरी मोबाइल सोबत हवा, कारण काही गाड्यांच्या तत्काळला आता खिडकीवरही ओटीपी मागतात. फॉर्म आधी भरून ठेवा. एका तत्काळ तिकिटावर चारच जण बसतात. एसीचं दहा वाजता, स्लीपरचं अकरा वाजता. छोट्या स्टेशनच्या खिडकीचा एक फायदा लोक विसरतात. नागपूरला पुढे पन्नास माणसं असतील तेव्हा धामणगाव-पुलगावला चार असतात, आणि सर्व्हर सगळ्यांना एकच आहे. रांगेत पहिला-दुसरा नंबर असेल तर खिडकीवरचं तिकीट मोबाइलपेक्षा भरवशाचं, कारण आपल्या गावातलं नेटवर्क नेमकं अकरा वाजता मान टाकतं.

आता एक गोष्ट, जी मी खिडकीवर सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगितली. तत्काळ उघडतं ते तुमच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी नव्हे, तर गाडी जिथून सुटते तिथल्या सुटण्याच्या आदल्या दिवशी. पुण्याला जाणारी आझाद हिंद हावड्याहून रात्री सुटते आणि बडनेऱ्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येते. तुम्हाला बुधवारी बडनेऱ्याला बसायचं असेल, तर ती गाडी मंगळवारी सुटलेली असते आणि तिचं तत्काळ सोमवारी उघडलेलं असतं. तुम्हाला फोन मंगळवारी सकाळी आला. तुम्ही अकरा वाजता तिचं तत्काळ उघडायची वाट बघत बसाल, आणि ते कालच संपलेलं. हावडा-मुंबई मेललाही हाच हिशेब. उलट महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून सकाळी निघते आणि दुपारी धामणगावला येते, तिचं तत्काळ खरंच आदल्या दिवशी उघडतं. विदर्भ एक्सप्रेस, अमरावती-मुंबई, अजनी किंवा अमरावतीहून सुटणाऱ्या पुण्याच्या गाड्या, यांचंही तसंच. "उद्याच निघायचं" असेल तेव्हा विदर्भातून सुटणाऱ्या गाड्या बघा. दोन दिवस हातात असतील तर हावड्याकडच्या गाड्यांचं तत्काळ आधी उघडतं, तिथे गर्दी करा. नागपूर-पुणे गरीब रथ स्वस्तात एसी देतो, पण आठवड्यातले काही दिवसच धावतो. वार बघून मगच आशा धरा.

आणखी एक, अंतराचं. स्लीपर आणि थर्ड एसीच्या तत्काळला कमीत कमी ५०० किलोमीटरचं भाडं लागतं, तुम्ही कितीही जवळ जा. अकोला ते नाशिक रोड अंतर चारशे किलोमीटरच्या आतच आहे, पण तत्काळमध्ये भाडं ५०० चं आणि वर आकार. वर्धा ते अकोला तत्काळ स्लीपर काढणारे लोकही मी पाहिलेत. त्यांना मी फॉर्म परत द्यायचो. "भाऊ, जनरलनं जा ना, तीन-चार तासांची तर गोष्ट आहे." सेकंड सिटिंगला ही अट १०० किलोमीटरचीच आहे आणि आकारही नावापुरता. तेव्हा दिवसाच्या गाडीला हा वर्ग असेल तर ऐनवेळचं सगळ्यात स्वस्त आरक्षण तेच.

तत्काळच्या आधी मात्र दोन दारं ठोठवायची असतात, आणि ती बहुतेक लोक ठोठावतच नाहीत.

पहिलं दार स्टेशन बदलण्याचं. प्रत्येक गाडीचे बर्थ स्टेशननिहाय वाटलेले असतात, आणि मधल्या छोट्या स्टेशनांच्या वाट्याला थोडेच येतात. धामणगाव ते पुणे वेटिंग ४० दिसतं तेव्हा त्याच गाडीत नागपूर ते पुणे, किंवा गोंदियापासून, जागा असू शकते. तिकीट तिथून काढायचं आणि त्याच वेळी चढण्याचं स्टेशन म्हणून धामणगाव टाकायचं. नागपूर ते धामणगाव या सव्वाशे-एक किलोमीटरचे जास्तीचे पैसे जातात, पण अंतर वाढतं तसा दर किलोमीटरचा भाव उतरत जातो, त्यामुळे ही रक्कम बहुतेक वेळा तत्काळच्या आकाराहून कमी बसते. चढण्याचं स्टेशन टाकायला विसरलात आणि नागपूरला कुणी बसलं नाही, तर टीसी तो बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो. ही चूक महाग पडते.

दुसरं दार करंटचं. चार्ट, म्हणजे कुणाला कोणता बर्थ याची यादी, आता गाडीच्या पुष्कळ आधी लागतो. पूर्वी चार तास होते, जुलै २०२५ पासून तो आठ तास किंवा त्याहून आधी निघतो, आणि सकाळच्या गाड्यांचा तर आदल्या रात्रीच. चार्ट लागला की रिकामे राहिलेले बर्थ करंट म्हणून साध्या भाड्याने विकायला निघतात, तत्काळचा आकार न लावता, गाडी सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीपर्यंत. महाराष्ट्र एक्सप्रेसने दुपारी निघणाऱ्याने आदल्या रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा बघावं. दिवाळीत किंवा लग्नसराईत काही मिळणार नाही. पोळ्यानंतरच्या ओल्या दिवसांत, परीक्षांच्या काळात मिळतं.

तुमच्या बाबतीत तिसरंही दार होतं: इमर्जन्सी कोटा. प्रत्येक गाडीत थोडे बर्थ राखीव असतात, आणि ते फक्त आमदार-खासदारांसाठी नसतात. घरात मृत्यू, अपघात, तातडीचा उपचार या कारणांसाठीही ते दिले जातात. आधी साधं वेटिंग तिकीट काढायचं, मग त्याचा पीएनआर (तिकिटावरचा आरक्षण क्रमांक) लिहून विभागीय कार्यालयात आदल्या दिवशीच अर्ज करायचा, दवाखान्याचा कागद जोडायचा. धामणगाव, पुलगाव, वर्धा हे मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतात. बडनेरा, अमरावती, अकोला भुसावळ विभागात. स्टेशनमास्तरला विचारलंत तर अर्ज कुठे पाठवायचा ते तो सांगतो. मिळेलच अशी हमी नाही, पण याला एक रुपयाही जास्त लागत नाही. "व्हीआयपी कोट्यातून करून देतो, पाचशे लागतील" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

कॅन्सरच्या पेशंटला घेऊन मुंबईला टाटाला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी ओळ लिहितो, कारण आपल्या भागातून खूप जण जातात. डॉक्टरच्या ठरलेल्या नमुन्यातल्या दाखल्यावर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडं माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. ही सवलत तत्काळमध्ये चालत नाही. म्हणून पुढची तारीख हातात पडताच, दवाखान्यातून बाहेर पडतानाच, पुढच्या वेळचं साधं तिकीट काढून टाकावं.

वेटिंगबद्दल थोडक्यात. ऑनलाइन वेटिंग तिकीट चार्टनंतर आपोआप रद्द होतं आणि थोडे पैसे कापून बाकी परत येतात. खिडकीवरचं वेटिंग तिकीट घेऊन मात्र लोक स्लीपरमध्ये चढतात, "तिकीट तर आहे ना आपल्याजवळ" म्हणून. ते तिकीट फक्त जनरल डब्याचं समजा, स्लीपरमध्ये टीसी दंड लावतो. आरएसी असेल तर बेधडक जा, अर्धा बर्थ पक्का असतो. तत्काळचं वेटिंग मात्र टाळा. जागा सुटली की आधी साध्या वेटिंगवाल्यांचा नंबर लागतो, तत्काळवाल्यांचा नंतर.

तरुण पोरगा एकटाच निघत असेल तर मी सरळ जनरलचं तिकीट काढायला सांगतो. दोनशे किलोमीटरच्या वरच्या प्रवासाचं जनरल तिकीट तीन दिवस आधीही निघतं, त्याच दिवसाचं असेल तर मोबाइलवरही निघतं. त्याहून कमी अंतराचं असेल तर तीन तासांच्या आत निघावं लागतं. सुपरफास्टने जायचं तर वरचे १५ रुपये भरलेले हवेत, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. आईसारख्या माणसाला जनरलमध्ये रात्र काढायला मी कधीच सांगणार नाही. एक मधला मार्ग आहे: दिवसाउजेडी भुसावळपर्यंत जनरलने जायचं आणि भुसावळ ते पुणे रात्रीपुरतं साधं स्लीपर मिळतं का ते बघायचं. भुसावळचा कोटा धामणगावपेक्षा मोठा असतो. सामान कमी असेल आणि माणसं धडधाकट असतील तरच.

आणि एसटी. मी रेल्वेचा माणूस असून सांगतो, तुमच्या तिघांसाठी त्या दिवशी एसटीच स्वस्त पडली असती. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. तुम्ही आणि आई मिळून एक, काकांचं एक, तिघांची दोनच तिकिटं. आईचं वय ७५ च्या वर असेल तर तिचं तेही नाही. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती अजून दिलेली नाही, आणि तत्काळला ती तशीही नव्हती. यवतमाळहून रात्रीची गाडी धरली तर धामणगावपर्यंतची धावपळही वाचते. खाजगी ट्रॅव्हल्सवाले एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपर्यंतच घेऊ शकतात, असा राज्य सरकारचा २०१८ चा आदेश आहे. दिवाळीत तो कुणी पाळत नाही हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. पण आदेश आहे एवढं माहीत असलं तर घासाघीस करायला आवाज निघतो.

रेल्वेची गैरसोय यवतमाळकरांच्या नशिबी जरा जास्तच आलेली आहे. मूर्तिजापूरहून येणारी शकुंतला ही छोटी रेल्वे बंद पडली, वर्ध्याहून येणारी नवी लाइन फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत सुरू झाली आणि पुढचं काम चालू आहे. बुलढाण्याला मलकापूर गाठावं लागतं, गडचिरोलीला वडसा. म्हणजे तिकिटाच्या आधी स्टेशनपर्यंतचा खर्च, आणि गाडी चुकू नये म्हणून चार तास आधी निघणं. हे कोणत्याही भाड्याच्या तक्त्यात दिसत नाही.

पैसे परत मिळण्याचं: निश्चित झालेलं तत्काळ रद्द केलं तर काही मिळत नाही. पण तुमच्या स्टेशनवर गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर तत्काळचेही पूर्ण पैसे मिळतात. त्यासाठी गाडी तुमच्या स्टेशनवरून सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरावा लागतो. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या गाड्यांना हे लागू पडतं. लोक गाडी निघून गेल्यावर भरतात आणि मग रेल्वेला शिव्या देतात.

तुम्ही अजून पुण्यातच असाल तर परतीचं आत्ताच बघा. डॉक्टर सोडतील ती तारीख नक्की नसते, म्हणून सगळे थांबतात आणि पुन्हा तत्काळात सापडतात. अंदाजाने आठ-दहा दिवसांनंतरचं साधं स्लीपर काढून ठेवा. तारीख बदलली तर जमेल तितकं आधी रद्द करा. जितकं आधी रद्द कराल तितके कमी पैसे कापले जातात. आणि भावाला झोपून आणावं लागणार असेल, तर तिकीट काढतानाच खालच्या बर्थचा पर्याय निवडा. नंतर टीसीच्या मागे फिरूनही तो मिळत नाही.